चित्र अडकले तर पडदा काळा करा

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : रिव्हर्स कॅमेऱ्याचे चित्र अडकणे, त्याच वेळी पार्किंग सेन्सरचा आवाज बंद पडणे आणि त्यातून झालेला अपघात.

संदर्भ : सर्व्हिस सेंटरची २७ सप्टेंबर व ११ ऑक्टोबरची जॉब कार्डे, आपला ३ नोव्हेंबरचा ईमेल.

महोदय,

आपल्या ईमेलमध्ये एकूण चार ओळी आहेत. त्यातली मुख्य ओळ अशी : "रिव्हर्स कॅमेरा हे केवळ सहाय्यक साधन असून गाडी मागे घेताना परिसराची खात्री करून घेण्याची जबाबदारी चालकाची आहे." ही ओळ खोटी नाही. पण माझ्या तक्रारीचे ते उत्तर होत नाही. का होत नाही, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नेरूळला सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहतीत राहतो. वय ६१. मानेच्या मणक्यांचे दुखणे बारा वर्षांचे आहे, डावीकडे मान पूर्ण वळत नाही. आधीची गाडी मागे घेताना बायको नाहीतर वॉचमन मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या... बस" करायचे. यंदा गुढीपाडव्याला आपली गाडी घेतली. कॅमेरा नसलेले मॉडेल सत्तर हजारांनी स्वस्त पडत होते. ते सोडून वरचे घेतले ते केवळ या मानेपायी. शोरूममधला मुलगा म्हणाला, "काका, आता मान वळवायचा त्रासच संपला." त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे शिकवले गेले तेच तो बोलला असणार. मात्र डिलिव्हरीच्या दिवशी दीड तास आम्ही तिथे होतो. त्या दीड तासात फोन कसा जोडायचा, गाणी कशी लावायची हे सगळे दाखवले गेले. कॅमेरा काय दाखवत नाही आणि कधी दगा देऊ शकतो, याविषयी एक शब्दही निघाला नाही.

२४ सप्टेंबरला, नवरात्राच्या तिसऱ्या माळेच्या दिवशी, सकाळी पावणेसातला मी गाडी काढत होतो. आमच्याकडे गाड्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून लागतात, त्यामुळे निघताना रिव्हर्स घ्यावाच लागतो. मागे आतला रस्ता आणि त्यापलीकडे प्राजक्ताचे झाड आहे. गाडी सुरू केली, फोनची केबल लावली, रिव्हर्स टाकला. पडद्यावर चित्र आले : ओला रस्ता, त्यावर पडलेली फुले, माणूस कोणी नाही. दोन्ही आरसे पाहिले, पुन्हा पडदा पाहिला आणि क्लच सोडला. गाडी मागे सरकली. चित्रातली फुले मात्र जागची हलली नाहीत. हे मला तेव्हा जाणवले नाही, नंतर आठवले. आठवल्यापासून ते डोळ्यांपुढून जात नाही.

वॉचमनने बॉनेटवर हात आपटला आणि मी ब्रेक मारला. शेजारच्या काकू गाडीच्या मागे घटाच्या माळेसाठी फुले वेचत वाकल्या होत्या. बंपर त्यांच्या कमरेला लागला आणि त्या डाव्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. काकूंचे वय ७४, घरात त्या एकट्याच असतात. दिवाळीचा फराळ यंदा आमच्या घरी दोन्ही घरांचा झाला. मुलाला फोन करून सांगू नका, उगाच घाबरेल, असे त्या मलाच समजावत होत्या. दवाखान्याचा खर्च मी केला आणि तो मी आपल्याकडे मागत नाही.

माझी चूक मी लपवत नाही. काकू रोज पहाटे तिथे फुले वेचतात हे मला माहीत होते. गाडीत बसण्याआधी एकदा मागे चक्कर मारायला हवी होती. आता मारतो, रोज. फोनची केबल नंतर लावतो, काच खाली घेतो, रेडिओ बंद ठेवतो, गाडी सरकताच चित्रातली एखादी वस्तू जागची हलते आहे का ते पाहतो आणि मगच पुढचा वीतभर रिव्हर्स घेतो. कोणी "येऊ द्या" म्हणायला उभे असेल तर त्याला ठीक मागे न उभे राहता मला आरशात दिसेल असे बाजूला उभे राहायला सांगतो. हे सगळे मी त्या दिवसानंतर शिकलो, आणि ते शिकवायला काकूंचे मनगट लागले.

आता आपल्या उत्तराकडे येतो. चालकाने स्वतः बघावे, असे आपण म्हणता. मी टेप घेऊन मोजले. आपल्या गाडीच्या मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून १०२ सेंटिमीटरवर आहे. पाऊण मीटर उंचीचे प्लास्टिकचे स्टूल गाडीमागे ठेवले आणि धडधाकट मानेच्या माझ्या मुलीला चालकाच्या जागी बसवून मागे वळून बघायला लावले. स्टूल तीन मीटरपेक्षा लांब नेईपर्यंत तिला ते दिसले नाही. आरशांतही दिसले नाही. म्हणजे वाकलेली बाई, रांगते मूल, बसलेला कुत्रा यांना पाहण्यासाठी त्या पट्ट्यात कॅमेऱ्याखेरीज दुसरा डोळाच नाही. कॅमेरा जन्माला आला तो त्याच पट्ट्यासाठी.

अमेरिकेत २००२ मध्ये कॅमेरॉन गुलब्रान्सन नावाचे दोन वर्षांचे मूल वडिलांच्याच गाडीखाली गेले. वडील बालरोगतज्ज्ञ होते आणि घरासमोर गाडी मागे घेत होते. गाडीमागचे मूल त्यांना दिसलेच नाही. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ मे २०१८ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची सुमारे १० फूट बाय २० फुटांची जागा दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे, असे तो नियम सांगतो. तो नियम इथे लागू नाही हे मला कळते. पण गाडी बनवणाऱ्यांना दोन सेकंदांचे महत्त्व कळते, हे त्यावरून दिसते.

आपल्या सर्व्हिस सेंटरने, तुर्भ्याच्या एमआयडीसीत, गाडी दोनदा पाहिली. पहिल्यांदा "फॉल्ट कोड येत नाही" म्हणून परत दिली. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केले आणि जॉब कार्डवर "सिस्टीम नॉर्मल" असे लिहिले. तिथली मुले नीट बोलली. पण त्यांनी गाडी दुपारी, अर्धा तास सुरू ठेवून तपासली. दोष तेव्हा दिसणारच नाही. म्हणून १६ ते २६ ऑक्टोबर या काळात मी स्वतः तपासले. गाडी जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, मुलगी बाजूच्या फुटपाथवर. तिच्या हातात लांब काठी, काठीला लाल फडके, आणि ते फडके गाडीमागे सतत हलते. गाडी रात्रभर थंड झालेली, सुरू करताच फोन जोडायचा आणि दहा सेकंदांच्या आत रिव्हर्स टाकायचा. एकदा करून गाडी बंद करायची, थोड्या वेळाने पुन्हा. असे ३० वेळा केले. नऊ वेळा चित्र यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, एकदा तर सात. तीन वेळा चित्र आले आणि अडकले. फडके हलत होते आणि पडद्यावर ते स्थिर होते. सर्वांत जास्त वेळ अडकले ते अकरा सेकंद. फोन न जोडता आणि गाडी सुरू करून अर्धा मिनिट थांबून आणखी ३० वेळा केले, तेव्हा एकदाच उशीर झाला, अडकले एकदाही नाही. सगळ्या चाचण्यांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर सोबत दिले आहेत. दोष कुठे शोधायचा, हे आपल्या इंजिनिअरना यावरून लगेच कळावे.

आणि सेन्सर? त्या सकाळी ते वाजलेच नाहीत. या गाडीत सेन्सरचा टूंटूं आवाज वेगळ्या बझरमधून येत नाही, गाण्यांच्या स्पीकरमधून येतो. पडदा अडकला की आवाजही अडकतो. तिन्ही वेळा मुलीने गाडीमागे पुठ्ठ्याचा खोका सरकवून पाहिला. पडदा मोकळा होईपर्यंत गाडी गप्प होती. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे आहेत. त्या नियमाने कॅमेरा सक्तीचा केला नव्हता, सेन्सर केले होते. सक्तीची ही सोय आपण गाण्यांच्या यंत्राला बांधून ठेवली आहे. आधी पडदा आंधळा होतो आणि त्याच क्षणी सेन्सर मुका होतो. माझी सर्वांत गंभीर तक्रार ही आहे. उशिरा येणारे चित्र निदान कळते, माणूस थांबतो. काळा पडदा दिसला तरी माणूस थांबतो. अडकलेले चित्र मात्र अगदी खरे दिसते आणि रस्ता मोकळा आहे असे सांगत राहते. गाडीत कॅमेरा नसता तर मी वॉचमनला हाक मारली असती.

रेषांबद्दलही थोडे सांगतो. पडद्यावरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या रेषा सपाट जमीन धरून आखलेल्या असतात. ठाण्यात घोडबंदर रोडला माझ्या भावाच्या इमारतीत पोडियम पार्किंगचा रॅम्प आहे. आमच्या सपाट रस्त्यावर सर्वांत लांबची रेषा मोजली तर २ मीटर ४० सेंटिमीटर भरते. रॅम्पचा चढ मागे असताना त्याच रेषेवर ठेवलेला खोका प्रत्यक्षात १ मीटर ८० वर होता. चढ मागे असला की वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. डिकीत सामान आणि मागे तीन माणसे असली की गाडी मागून दबते आणि हिशोब आणखी बदलतो. रेषा जमिनीवरच्या असल्यामुळे वर लोंबणारी वस्तू त्यांत धरलेली नसते. एपीएमसीच्या बाजूला टेम्पोतून सळ्या बाहेर आलेल्या असतात. टेम्पोची चाके हिरव्या रेषेपलीकडे दिसतात आणि सळई काचेला टेकलेली असते. पावसाळ्यात लेन्सवर एक थेंब बसला तरी अर्धे चित्र जाते. हे सारे आपल्या पुस्तिकेत आहे, मी शोधून काढले. पण ती इंग्रजीत आहे आणि हा मजकूर दोनशे पानांच्या पुढे, बारीक अक्षरांत आहे. माझ्या बायकोला गाडी चालवता येते, इंग्रजी पुस्तिका वाचता येत नाही. तिने काय करावे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम ८४ उत्पादकाची जबाबदारी सांगते. त्यात उत्पादनातला आणि रचनेतला दोष तर येतोच, शिवाय नुकसान टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न देणे हेही येते. आपला ईमेल लिहिणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावे, ही विनंती आहे.

माझ्या गाडीचा दोष गाडी थंड असताना, फोन जोडून, माझ्यासमोर तपासावा आणि दुरुस्त करावा. कॅमेऱ्याकडून नवीन चित्र येणे थांबले की पडदा त्याच क्षणी काळा व्हावा आणि इशारा वाजावा, असा बदल या मॉडेलच्या सर्व गाड्यांत करावा. सेन्सरला स्वतंत्र बझर द्यावा. कॅमेरा काय दाखवत नाही याचे एक पान, मोठ्या अक्षरांत, मराठीत, डिलिव्हरीच्या वेळी वाचून दाखवावे. त्याचा मजकूर हवा तर मी लिहून देतो, एक पैसा घेणार नाही. आणि हे मॉडेल चालवणाऱ्या बाकीच्या लोकांना हा दोष आजच कळवावा. दुरुस्ती तयार होईपर्यंत थांबू नये. रिव्हर्स घेण्याआधी फोन जोडू नका, एवढा एक मेसेजही पुष्कळ झाला.

३० दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. गाडी चांगली आहे, चालवायला हलकी आहे, घरच्यांनाही आवडते.

काकूंचे प्लास्टर गेल्या आठवड्यात निघाले. मूठ अजून पूर्ण मिटत नाही, फिजिओथेरपी चालू आहे. प्राजक्ताचा बहर अजून संपलेला नाही. फुले सध्या माझी मुलगी वेचून देते.

आपले इंजिनिअर कधी येतील ते कळवावे. सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत यावे, तेव्हाच गाडी थंड असते. मी घरीच असतो. काठी आणि लाल फडके तयार ठेवतो.

कळावे.

आपला ग्राहक,
नेरूळ, नवी मुंबई

सोबत : दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती, ६० चाचण्यांच्या व्हिडिओंचा पेन ड्राइव्ह, वेळांची नोंदवही, काकूंच्या संमतीने एक्स-रे अहवालाची प्रत.