पुलावरच्या ब्लॉकमध्ये काय चालते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या पुलाचे काम निघाले की बातमीत ब्लॉकची, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ, रद्द गाड्यांची यादी आणि ‘प्रवाशांचे हाल’ एवढेच असते. माझी सारी नोकरी पुलांच्या कामावर गेली. ब्लॉक लांबला की गाडीत खोळंबलेला माणूस किती मेटाकुटीला येतो, हे मला कळते. पण तेवढ्या वेळात पुलावर काय चालले होते, हे त्याला कोणीच सांगत नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

गाड्या चालू ठेवून पूल बदलायचा तर बरेचसे काम ब्लॉकच्या आधीच उरकावे लागते. जुन्या पुलाशेजारी तात्पुरत्या आधारांवर नवा गर्डर, म्हणजे रूळ पेलणारी पोलादी तुळई, जोडून तयार ठेवतात. पायाजवळ खणायचे असेल तर रुळांखाली तात्पुरते गर्डर घालून मार्ग तोलून धरतात. वरून गाड्या संथ वेगाने जात असतात आणि खाली माणसे खोदत असतात. ब्लॉक लागतो तो अदलाबदलीसाठी. वीज बंद, रूळ सुटे, जुना गर्डर बाहेर, नवा आत, रूळ पुन्हा जोडून तपासणी.

गर्डर क्रेनने उचलून किंवा ग्रीस लावलेल्या पट्ट्यांवरून सरकवून आत येतो. खरा कस लागतो तो बेअरिंगवर, म्हणजे खांबावरच्या टेकूवर, टेकवताना. ६० मीटर लांबीचा पोलादी गर्डर ३० अंशांनी तापला की सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मध्यरात्रीच्या गारव्यात बसवतानाच दुपारच्या उन्हाचा हिशेब धरायचा. एकदा पहाटे तीन कोपरे नीट टेकले आणि चौथ्याखाली पत्र्याची पट्टी अलगद आत गेली, म्हणजे तो कोपरा टेकलाच नव्हता. मुकादमाने ती पट्टी बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात साहेबांसमोर धरली. कोणी काही बोलले नाही. जॅक पुन्हा लावले. गाड्या तासभर अडल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बोलणी खाल्ली. गर्डर तसाच सोडला असता तर प्रत्येक गाडीखाली तो कोपरा आपटत राहिला असता.

ही विद्या जुनी आहे. नायगाऱ्याजवळच्या १८५५च्या झुलत्या रेल्वेपुलाच्या जागी १८९७मध्ये पोलादी कमान आली, तीही वाहतूक चालू ठेवून. माँट्रियलच्या व्हिक्टोरिया पुलावर गाड्या लोखंडी नळीतून जात. १८९७-९८मध्ये त्या नळीभोवतीच नवा सांगाडा उभारला आणि मग नळी काढून टाकली. आतून गाड्या जात असताना! मला आजही याचे नवल वाटते.

‘नवा पूल झाला, तरी गाडी रांगतेच’ अशी पत्रेही आपल्याकडे येतात. पुलाच्या दोन्ही टोकांना नव्याने टाकलेली खडी गाड्यांच्या भाराखाली दबते. ती पुन्हा भरून, ठासून, मोजून मगच वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. लोकांच्या ओरड्यामुळे वेगमर्यादा एक दिवसही आधी उठता कामा नये.

म्हणून विनंती अशी, की ब्लॉकच्या बातमीत पुलाचा कोणता भाग बदलणार, कसा बदलणार आणि नंतर किती दिवस वेग कमी राहणार, एवढे तरी छापावे. ब्लॉक लांबला तर आपल्या वार्ताहराने कारण विचारावे, आणि मिळालेले उत्तरही त्याच बातमीत द्यावे.

आपला,
एक निवृत्त पूल निरीक्षक