जिन्यावरचा विचार

लंडन

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "आवाज असा का येऊन राहिला तुझा?" झोप नाही म्हणून मी वेळ मारून नेली. खरं कारण तोंडातून निघेना, म्हणून लिहिते आहे.

छकुली तीन आठवड्यांची असेल. रात्री तिला घेऊन जिना उतरताना एकदम मनात आलं, हिला हातातून सोडून दिलं तर? पाय तिथेच थिजले. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात ती, तिचं कोमट डोकं माझ्या मानेशी. मग मी त्या विचाराशी भांडतच बसले. रामरक्षा म्हटली, पाढे म्हटले, शेवटी जिनाच सोडला. दिवसभर वरच्या खोलीत. तो विचार काही जाईना, उलट वाढला. तुझ्या जावयालाही सांगितलं नाही.

समुपदेशक बाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, आता मूल काढून घेतात. त्यांनी आधी नीट विचारून घेतलं, तसं करावंसं वाटतं का, आवाज ऐकू येतात का; ते असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मग म्हणाल्या, असले विचार पुष्कळ आयांना येतात. १९७८ मध्ये इथल्याच रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी चांगल्या धडधाकट लोकांना विचारलं, तर १०० तले ८० जण म्हणाले, नको ते मनात येतं. अमेरिकेत वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना बजावलं, ५ मिनिटं पांढरं अस्वल मनात आणू नका, आलं तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. विचार गेला का हे बघायला मनाला तोच शोधावा लागतो ना!

मला नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरचा कूलर आठवला. मे महिन्यात त्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून मी कानावर उशी दाबायची, आणि तू म्हणायचीस, "राहू दे ना त्याला. तू पडून राहा." झोप कधी लागायची, कळायचंही नाही.

आता जिना रोज उतरते. विचार येतो, छाती धडधडते, आणि त्याला येऊ देऊन मी पुढच्या पायरीवर पाय ठेवते. कालपासून तर उतरताना तिच्याशी बोलतेही.

वहिनीचे दिवस भरत आलेत. बाळंतपणानंतर ती असं काही बोलली, तर "अभद्र मनात आणू नये" म्हणू नकोस, आई. जवळ बस आणि ऐकून घे.

तुझी,
धाकटी