पाकातले लाडू आणि वाटीचं माप

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझे लाडू फोटोत बघितले. आधी पोटभर हसून घेतलं, राग मानू नकोस. बायकोला दाखवले तर ती म्हणते, भाऊजींनी पेढे केलेत का? एकेक असा बसलाय ताटात, पंगतीत जेवून उठवत नाही ना तशा आजोबांसारखा. पण केलेस हेच खूप झालं लेका, हॉस्टेलवर चहा उतू घालवणारा माणूस तू.

तुला "खात्रीची रेसिपी" पाहिजे ना, फोनवर सांगितलं तर तू हो हो करशील आणि विसरशील, म्हणून नीट लिहितोय.

तू जी रेसिपी पाठवलीस ती मी दोनदा वाचली. रवा २ कप, साखर दीड कप, तूप टेबलस्पूनमध्ये. इथेच गंमत आहे. तुमच्या ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. म्हणजे त्या रेसिपीवालीने ८ टेबलस्पून लिहिलंय तिथे तिचं तूप १२० मिली आणि तुझं १६०. वर नारळाचा ओलेपणा आणि तुझा कच्चा पाक, मग लाडू बसणार नाही तर काय उभा राहून सलाम करणार?

आमच्या आईकडे रुचिरा होतं बघ, कमलाबाई ओगल्यांचं, १९७० साली आलेलं. कव्हर कधीच गेलं, गोडाच्या पानांवर तुपाचे डाग इतके की पान उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. त्यात माप वाटी-चमच्याचं. मला आधी वाटायचं हे कसलं माप, कुणाची वाटी? पण अरे सगळंच त्या एका वाटीने घेतलं की वाटी लहान असो मोठी असो, प्रमाण तेच राहतं, फक्त लाडू कमी-जास्त होतात. घोळ कधी होतो, तर रवा कपाने, तूप चमच्याने आणि नारळ "एक मध्यम" असं असलं की. एक मध्यम नारळ म्हणजे काय रे? आपल्याकडचा मध्यम आणि तुझ्याकडे फ्रोझन पाकिटातला मध्यम यांची ओळख तरी आहे का?

तरी तुला ग्रॅम लागतात हे माहितीय, म्हणून काल किचनच्या काट्यावर आईची वाटी मोजली. पाणी भरलं तर १६० ग्रॅम, म्हणजे १६० मिली. त्या वाटीने बारीक रवा २ वाट्या म्हणजे साधारण २२५ ग्रॅम, साखर दीड वाटी म्हणजे २०० ग्रॅम, ओला नारळ खवून १ वाटी, तूप अर्धी वाटी, पाकाला पाणी पाऊण वाटी. रवा बारीकच घे, जाडा नको.

रवा तुपावर मंद आचेवर भाज. पंधरा-वीस मिनिटं लागतात, मोबाइल लांब ठेव. रंग फार बदलायचा नाही, वास खमंग सुटला आणि हलवताना रवा हलका लागायला लागला की नारळ घालून अजून पाच-सात मिनिटं, नारळाचं पाणी आटलं पाहिजे.

आता पाक. सगळ्यांची वाट इथे लागते आणि व्हिडिओवाले नेमकं इथेच कट मारतात. साखर उकळायला लागली, म्युझिक वाजलं, पुढच्या सीनला लाडूवर बेदाणा. अरे मधलं दाखवा की! साखर विरघळून उकळी आली की चार-पाच मिनिटांत बघायला लाग. एक थेंब ताटलीत टाक, जरा निवू दे (बोट भाजून घेऊ नकोस), अंगठा आणि पहिल्या बोटात धरून बोटं हळू लांब कर. एक तार आली आणि लगेच तुटली नाही की झाला एकतारी पाक. तुझ्याकडे बार्बेक्यूचा थर्मामीटर आहे ना, तो लाव, १०५ अंशांच्या आसपास येतो. गॅस बंद, रवा घाल, वेलची घाल, ढवळ, झाकण ठेव. आता हे मिश्रण पातळच दिसणार, शिऱ्यासारखं, घाबरून वर रवा ओतू नकोस. तू ओतला असशील, मला माहितीय. अर्ध्या-अर्ध्या तासाने हलव, दोन-तीन तासांत रवा पाक पितो आणि मिश्रण वळण्याजोगं होतं.

नाहीच झालं तर पाक कच्चा राहिला, मग मंद गॅसवर दोन-चार मिनिटं परतून परत गार कर. उलट भुगा पडायला लागला तर पाक पुढे गेला, गरम दुधाचा हबका मार आणि पटापट वळ. दुधाचे मात्र दोन दिवसांत संपव किंवा फ्रिजमध्ये ठेव.

मी रेसिपी वाचताना आता आधी हेच बघतो की बिघडलं तर काय करायचं ते लिहिलंय का. ज्याने लिहिलंय त्याचे कधीतरी बिघडलेले असतात, म्हणजे त्याने खरंच केलेत. "अप्रतिम चविष्ट झटपट दहा मिनिटांत" असं असलं की मी पुढे जातो, पाकातले लाडू दहा मिनिटांत होत नाहीत. आणि नवीन पदार्थ असेल तर तीन रेसिप्या शेजारी ठेवतो. दोघी दोन वाट्या रव्याला दीड वाटी साखर म्हणतायत आणि तिसरी पाऊण म्हणतेय, तर तिसरीला नमस्कार.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही बरं का. मागे सासुरवाडीचे जेवायला होते, मी फुशारकीने गव्हल्यांची खीर करायला घेतली. रेसिपीत एवढंच, "दूध आटवून गूळ घाला." घातला, उकळत्यात. डोळ्यांदेखत दूध फाटलं, वर पाणी खाली चोथा. सासूबाई ओट्याशी येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. नंतर बायकोने सांगितलं की गॅस बंद करून खीर जरा निवली की मग गूळ घालायचा. हे एक वाक्य लिहायला त्या लेखकाला काय जड होतं?

वाटीचं राहिलं. ती खरी ताईकडे असते, आईनंतर तिनेच नेली, मी मोजायला म्हणून मागून आणलीय. ती आताच दोनदा फोन करून विचारून झालीय, परत कधी देणार. तर तू तिकडे एखादी धड वाटी धर आणि तीच वापर, अगदी चहाचा कपही चालेल. पोरीला वळायला बस सोबत, तिचे छोटे हात आहेत, लाडू गोल होतील. वळल्यावर ताटाचा फोटो टाक, पण बाजूने काढ, वरून नको, उंची दिसू दे.

तुझाच,
मन्या