तक्रार पोलीस ठाण्यात नको, संपादकांच्या टेबलावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय वाद पेटला की आपल्याकडे दोन मागण्या हमखास सुरू होतात. बोलणाऱ्याला आत टाका, ही पहिली. छापणारे विकले गेलेत, त्यांच्यावर बहिष्कार घाला, ही दुसरी. पहिलीने कुणाचे तरी आयुष्य काही महिन्यांसाठी नासते. दुसरीने काहीच होत नाही, कारण ‘विकले गेलेत’ या आरोपाची चौकशी करता येईल अशी जागाच नाही. वर्तमानपत्रांनी निःपक्ष वागावे असे ज्यांना वाटते त्यांनी नावडत्या मतांचा पिच्छा सोडून विकलेली जागा, गाळलेली दुसरी बाजू आणि न छापलेली दुरुस्ती यांच्या मागे लागावे, म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर मुदती आणि पत्ते तेवढे ठेवावेत.

आधी अटकेच्या मागणीविषयी. आपल्या जिल्ह्याला याचा जुना अनुभव आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल फेसबुकवर शंका घेतली म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. एकीने लिहिले होते, दुसरीने नुसते ‘लाइक’ केले होते. पुढे ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्यावरील पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी कळंबोलीहून ताब्यात घेतले. ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले आणि बाहेर यायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनानंतर, तो कार्यक्रम जिथे झाला त्या मुंबईतल्या खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथकही तिथे हातोडे घेऊन हजर झाले. पहिल्या वेळी सत्तेत काँग्रेस आघाडी होती, दुसऱ्या वेळी महाविकास आघाडी, तिसऱ्या वेळी महायुती. यातल्या एका प्रसंगी ज्यांनी अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे गोडवे गायले, त्यातले कितीतरी जण दुसऱ्या प्रसंगी ‘कठोर कारवाई’ची निवेदने घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढले. मजकूर सभ्य होता की नव्हता, हा प्रश्नच वेगळा. त्यातले बरेचसे मलाही सभ्य वाटले नाही.

कायदा मात्र आता बदलला आहे, आणि बातम्यांत ही गोष्ट क्वचितच येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ठाणेदाराला लगेच गुन्हा नोंदवायची सक्ती नाही. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. गटागटांत तेढ निर्माण केल्याचे कलम १९६, धार्मिक भावना दुखावल्याचे २९९ आणि अफवांचे ३५३ ही भारतीय न्याय संहितेतली (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) नेहमीची कलमे साधारण याच टप्प्यात बसतात. २८ मार्च २०२५ रोजी काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रश्न बोलण्या-लिहिण्याचा असेल तेव्हा पोलिसांनी शक्यतो आधी ही चौकशी करावी, आणि शब्दांचे मोजमाप खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने करावे, हळव्या माणसाच्या नव्हे. हा निकाल देणाऱ्या पीठावरचे न्या. अभय ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केली, हे ठाणेकरांना आवडावे. उरली बदनामी. कलम ३५६ खालचा हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस तो परस्पर नोंदवू शकत नाहीत, फिर्याद दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. तेव्हा ‘नेत्याची बदनामी, गुन्हा दाखल’ असे शीर्षक देण्यापूर्वी आपल्या क्राइम वार्ताहराने एफआयआरची प्रत मागून कलमे वाचावीत. अनेकदा ते निव्वळ निवेदन असते, ज्यावर आवक शिक्का मारून घेतलेला असतो.

माध्यमांच्या न्याय्य वागण्याची खरी कसोटीही इथेच लागते. गुन्हा दाखल झाल्याची बातमी पहिल्या पानावर चार कॉलम येते. वर्षभराने तपास अधिकारी ‘बी समरी’ (तक्रार खोटी होती) किंवा ‘सी समरी’ (तक्रार गैरसमजातून झाली) अहवाल पाठवतो आणि प्रकरण संपते, ते छापले गेलेच तर पाचव्या पानावर तळाला. वाचकाच्या डोक्यात तो माणूस कायमचा आरोपी राहतो. पक्षपात म्हटला की लोकांना अग्रलेख आठवतो. अग्रलेखाने बाजू घ्यावीच, तो त्यासाठीच असतो. खोट असते ती बातमीच्या जागेत, आकारात, आणि दुसऱ्या बाजूला कधी विचारले त्यात. रात्री साडेनऊला फोन करून ‘संपर्क होऊ शकला नाही’ असे छापणे म्हणजे दुसरी बाजू विचारणे नव्हे, ती टाळणे होय.

आता हरकत कशी घ्यावी. ‘तुमचे दैनिक अमक्याचे मुखपत्र झाले आहे’ असे पत्र कचऱ्यात जाते, आणि जायलाच हवे. चालणाऱ्या पत्रात अंकाची तारीख, आवृत्ती (ठाणे, नवी मुंबई की मुख्य शहर, कारण रात्रीतून मजकूर बदलतो), पान, शीर्षक, चुकलेले नेमके वाक्य, ते चूक असल्याचा कागद, म्हणजे शासन निर्णयाचा क्रमांक, महासभेच्या ठरावाचा क्रमांक किंवा न्यायालयाचा आदेश, आणि शेवटी हवी असलेली दुरुस्ती तयार दोन ओळींत असावी. दीडशे शब्दांच्या पुढे जाऊ नये. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची नावे असतात, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कुणाची तेही तिथेच लिहिलेले असते. पत्र त्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोच जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कात्रणावरून पत्र लिहूच नये. त्यावर तारीख नसते, अर्धा मजकूर कापलेला असतो, कधी कधी दैनिकाचे नावच चिकटवलेले असते. ई-पेपरमध्ये तेच पान उघडून पाहावे आणि प्रत उतरवून ठेवावी.

संपादकांनी दाद दिली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिल. तक्रारीची मुदत दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार. संपादकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत, मूळ कात्रण, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर, आणि या विषयावर न्यायालयात काही प्रलंबित नसल्याचे प्रतिज्ञापन जोडावे लागते. बहुतेक तक्रारी संपादकांना आधी न लिहिल्यामुळे किंवा मुदत उलटल्यामुळे अडकाव्यात, अशीच ही रचना आहे. कौन्सिलला दंड करता येत नाही. १९७८ च्या कायद्याच्या कलम १४ खाली ती ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दात नसलेली संस्था हे खरेच. पण तिची नोटीस आली की उत्तर संपादकांनाच तयार करावे लागते, आणि तो त्रास पुढच्या वेळी आठवतो. वाहिन्यांचे घड्याळ याहून वेगाने पळते. एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या सदस्य वाहिनीविरुद्ध प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीकडेच लिहावे लागते. कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि मिनिट-सेकंद न लिहिलेली तक्रार पुढे सरकत नाही.

पेड न्यूजचा हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः छापून आला तेव्हा हा धंदा देशभर गाजला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला, आणि तो पूर्ण स्वरूपात बाहेर यायला २०११ उजाडले, तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. उमेदवाराला हे परवडते कारण विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे आणि रोखीने दिलेले ‘पॅकेज’ हिशेबाच्या वहीत येत नाही. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बायलाइन म्हणजे वार्ताहराचे नाव नाही, ‘प्रतिनिधी’ही नाही, टाइप नेहमीपेक्षा किंचित वेगळा, मजकुरात एकही प्रश्न नाही, आणि कळस म्हणजे एकाच पानावर एकाच मतदारसंघातले दोन उमेदवार ‘निश्चित विजयी’. लोकसभा-विधानसभेला जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे जावे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला प्रसिद्धीपासून ९६ तासांत नोटीस द्यायची असते, उमेदवाराला उत्तरासाठी ४८ तास मिळतात, आणि पेड न्यूज ठरली तर तेवढ्या जागेचा दर खर्चात धरला जातो. म्हणून कात्रण त्याच दिवशी पोहोचले पाहिजे. मतदान झाल्यावर केलेली तक्रार म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला ताशा.

यात वार्ताहराला बोल लावणे सोपे आहे. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतल्या वार्ताहराला मानधन नाममात्र, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती मात्र त्यानेच आणायच्या, आणि त्या मिळणार ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडूनच. नावाजलेल्या दैनिकांनी ही पद्धत बंद केल्याशिवाय पत्रकारितेच्या नीतीवर परिसंवाद घेऊ नयेत.

सगळ्यात कमी बोलले जाते ते महापालिकांच्या जाहिरातींबद्दल. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात नगरसेवक नव्हते, महासभा नव्हती, म्हणजे प्रशासनाला प्रश्न विचारायला उरले होते वर्तमानपत्र, ज्याला तेच प्रशासन जाहिराती देत होते. किती, कुणाला, हे वाचकाला कळलेच पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून जनसंपर्क विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करावा. एका आर्थिक वर्षातला जाहिरातखर्च दैनिकनिहाय मागावा. निविदा सूचना आणि अभिनंदन-शुभेच्छांच्या जाहिराती यांचे आकडे वेगळे मागावेत, कारण निविदा छापणे बंधनकारक असते आणि शुभेच्छा नसतात. ‘अमक्याला जास्त का दिल्या’ असे विचारू नये. कारणे देण्याची सक्ती नसल्याने अर्ज तिथेच परत येतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. आकडे हाती आले की तेवढ्याच काळात त्या-त्या दैनिकाने पाणी, खड्डे आणि अनधिकृत बांधकामांवर काय छापले ते शेजारी ठेवून पाहावे. जाहिराती भरपूर घेऊनही टोकदार बातम्या देणारे दैनिक निघाले, तर तेही जाहीरपणे सांगावे.

आपल्याकडे चारच मागण्या. विकलेल्या प्रत्येक जागेवर ‘जाहिरात’ हाच शब्द, मजकुराच्या टाइपाइतक्याच आकारात; ‘विशेष उपक्रम’ आणि ‘प्रायोजित’ असली बुरखे घातलेली नावे नकोत. दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर. गुन्ह्याची बातमी ज्या जागी छापली, तिथेच समरी अहवालाची किंवा निर्दोष सुटकेची. आणि वाचकांच्या हरकती पाहणाऱ्या एका उपसंपादकाचे नाव व ई-मेल रोज दुसऱ्या पानावर, म्हणजे वाचकाला पोलीस ठाण्याऐवजी कुठे जायचे ते कळेल. या पत्रातले एखादे कलम किंवा मुदत आपल्याला चुकीची वाटली, तर त्या दुरुस्तीपासूनच सुरुवात करायला हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)