वखारीतल्या दोन चकत्या

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही अशी तंबी तुम्ही आधीच दिली आहे, म्हणून नुसतं 'काका'.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली तालुक्यात काय केलं ते तुम्हाला मी काय सांगणार! आमच्या शाळेच्या गडग्यापलीकडचा साग त्याच दुपारी मुळासकट आडवा झाला. मालकाने तो तुमच्या वखारीत आणून टाकला. दीड वर्षाने मी येऊन त्या बुंध्याची एक आडवी चकती मागितली. चार बोटं जाडीची चकती काढली की प्रत्येक फळी तेवढी आखूड होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. तरी काही न बोलता तुम्ही मशीन सुरू केलंत.

ती चकती मी वाया घालवली, हेही लिहून टाकते. सगळ्यांना दिसावी म्हणून पडवीत उन्हाला ठेवली आणि आठ दिवसांत ती सालीपासून गाभ्यापर्यंत तडकली. तोंड पाडून परत आले तर तुम्ही म्हणालात, "बाई, लाकूड आहे, पापड नव्हेत." आणि दुसरी कापून दिलीत. गोणपाटात गुंडाळून सावलीत उभी ठेवा, मग पॉलिश पेपर आधी 80 नंबरचा, नंतर 150, शेवटी 400. मुलांनी तीन दिवस घासली. ओलं फडकं फिरवलं आणि वलयं वर आली. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला बारीक भोकांची रांग, टाचणीने टोचल्यासारखी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. साग पानं गाळतो, वाढ थांबते, मग नव्या हंगामाचं लाकूड त्या मोठ्या छिद्रांनीच सुरू होतं, म्हणजे वर्षाला एक वलय. म्हणून तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ जुन्या पावसाचा माग काढायला साग निवडतात. (एका पोराने घरून पडलेल्या माडाचा तुकडा आणला होता. त्यात नुसते ठिपके! माडाला वलयं नसतातच, हा धडा त्याने फुकट दिला.)

मोजणीत मात्र भांडणं लागली. एका गटाची 50, दुसऱ्याची 53. तेव्हा तीन दिशांना पेन्सिलीने रेघा ओढून पुन्हा मोजलं आणि 52 वर एकमत झालं. झाड पावसाच्या तोंडावर पडलं, म्हणजे सालीलगतचं पुरं वलय 2019 चं, आणि गाभ्यातलं 1968 चं. मुलांनी टाचण्या लावल्या: 2009 चं फयान वादळ, 2005 चा 26 जुलै, 1998 ची कोकण रेल्वे.

गाभ्याजवळची वलयं अगदी चिंचोळी होती. पाऊस कमी तर वलय बारीक, म्हणून मी उत्साहाने फळ्यावर '1972 चा दुष्काळ' लिहून मोकळी झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग 73 चं पण बारीक, 78 चं पण बारीक, असं का?" खरंच होतं. सोळा वर्षं ते झाड अंग चोरून वाढलं होतं आणि 1984 पासून एकदम करंगळीच्या नखाएवढी रुंद वलयं. पावसाने असं होत नाही. त्या मुलीने घरी आजीला विचारलं. आजी म्हणाली, तिथे केवढा तरी रायवळ आंबा होता, सगळी सावली त्याचीच, शाळेची खोली बांधताना तोडला. साल विचारलं तर म्हणाली, "तुझी आत्या रांगत होती तेव्हा." मग मी कपाटातलं जुनं शेरेबुक काढलं. फेब्रुवारी 1984: नव्या खोलीच्या पायासाठी हद्दीवरचा आंबा तोडला. वर्गात जो आरडाओरडा झाला तो तुमच्या मशीनलाही हरवणारा होता. फळ्यावरचा दुष्काळ मी स्वतःच्या हाताने पुसला.

अमेरिकेत डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरच्या डागांचा माग काढायला वलयं मोजायला घेतली आणि 1929 पर्यंत त्यावरून जुन्या वस्त्यांच्या तुळयांची वयं सांगितली, हे मी मुलांना नंतर सांगितलं. तेव्हापासून ही पोरं कोणाच्याही माजघरात गेली की मान वर करून तुळईचं टोक शोधतात. दोन घरांतून माझ्याकडे तक्रारी आल्या आहेत.

चकती अजून सातवीच्या वर्गात आहे, सावलीत, उभी. मागच्या खेपेला तुमच्या वखारीत डाव्या हाताला ऐनाचा एक जाड बुंधा पाहिला होता. तो इतक्यात चिरू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत येते, आणि या वेळी तुम्ही चकतीचे पैसे घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

आपली,
सातवीच्या बाई