अक्षर किती मोठे, हे वाचकाला ठरवू द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

योजनांचे अर्ज, परीक्षांचे निकाल, ठेवींचे व्याजदर असे बरेच काही आता मोबाइलवरच वाचावे लागत असताना अनेक मराठी संकेतस्थळांवरील अक्षरांचा आकार मात्र संगणकाचा मोठा पडदा समोर ठेवूनच ठरवलेला दिसतो. पानाच्या सांकेतिक मजकुरात (कोडमध्ये) ‘व्ह्यूपोर्ट’ची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीनुसार दाखवा असे सांगणारी, एक ओळ लिहिली नाही, तर मोबाइलचा ब्राउझर ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि पडद्यात मावेपर्यंत ते आकसून टाकतो.

काही ठिकाणी ती ओळ असते, पण तिच्यातच दोन बोटांनी पान मोठे करण्यास मज्जाव केलेला असतो, आणि हे अधिक संतापजनक आहे. आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या व्याजदरांच्या तक्त्यात १ कोणता आणि ९ कोणता हे कळत नाही, आणि तक्ता मोठा करून पाहण्याचीही सोय नाही. ॲपलच्या सफारीने २०१६ पासून, म्हणजे आयओएस १० पासून, असा मज्जाव जुमानणे सोडले. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये मात्र तो मोडण्याची सोय सेटिंगमध्ये शोधावी लागते, जी ज्येष्ठ वाचकांना सापडणे कठीणच.

देवनागरीला तर जागा अधिक लागते. ब्राउझरचा मूळ १६ पिक्सेलचा आकार आणि इंग्रजीला पुरणारे ओळींतील अंतर जसेच्या तसे उचलले, की ‘उद्ध्वस्त’सारख्या शब्दातले जोडाक्षर नुसता काळा ठिपका दिसते आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना जाऊन भिडतात. मराठी पानासाठी आकार आणि अंतर दोन्ही वेगळे ठरवायला हवेत, हे इंग्रजी साचा विकत घेऊन त्यात मराठी मजकूर ओतणाऱ्यांच्या गावीही नसते.

यावर उपाय अवघड नाही. आकार पिक्सेलमध्ये बांधून न टाकता ‘रेम’ या, ब्राउझरच्या मूळ अक्षराकाराच्या पटीत मोजणाऱ्या, सापेक्ष एककात दिला, तर वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेला अक्षराकार पाळला जातो. केवळ पडद्याच्या रुंदीवर आकार बेतणेही धोक्याचे, कारण मग संगणकावर पान कितीही झूम केले तरी अक्षर तेवढेच राहते. मजकूर २०० टक्के मोठा करता यावा आणि ३२० पिक्सेल रुंदीतही तो आडवा सरकवावा लागू नये, हे सुगम्यतेचे, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीचे, आंतरराष्ट्रीय निकष आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. कोपऱ्यात अक्षर मोठे करणारे ‘अ+’चे बटण ठेवले की काम झाले, असा समज तरीही कायम आहे.

वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्याही यातून सुटत नाहीत. छापील पानाचे चित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. निदान अग्रलेख आणि वाचकांची पत्रे तरी आपण साध्या, आकार बदलता येणाऱ्या मजकुरात उपलब्ध करून द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा