उंची किती पट ताणली, तेही छापावे

महोदय,

ग्रहांच्या पृष्ठभागाची संगणकाने उभी केलेली चित्रे अनेकदा छायाचित्रे म्हणून छापली जातात, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. शुक्रावरील माट मॉन्स या ज्वालामुखीचे गाजलेले चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नाही. मॅगेलन यानाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दाट ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारलहरींनी केलेल्या मोजणीवरून ते तयार झाले आणि त्यातील उंची 22.5 पट ताणलेली आहे. नारिंगी रंगही 1982 मध्ये तेथे उतरलेल्या व्हेनेरा यानांच्या छायाचित्रांवरून दिलेला. ही ताणाताणी लबाडी नव्हे, कारण सौम्य चढउतार त्याशिवाय नजरेत भरत नाहीत. मात्र याच हिशेबाने आमची नागपूरची सेमिनरी हिल्स ही ठेंगणी टेकडी रेखाटली, तर ती सह्याद्रीच्या कड्यासारखी भासेल.

मंगळावरील सुमारे 22 किलोमीटर उंचीच्या ऑलिम्पस मॉन्सचे असेच एक चित्र पाहून नातीने ‘आजोबा, यावर चढणार कसे?’ असे विचारले, तेव्हा कंपासपेटीतला कोनमापक वहीच्या पुठ्ठ्याला लावून त्याचा जेमतेम 5 अंशांचा सरासरी उतार दाखवावा लागला. अशा चित्राखाली ‘उंची इतक्या पट’ एवढी ओळ छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, धरमपेठ, नागपूर